मिठाची काच

तिरुवल्लिकेणी, मद्रास
२ जून १९८९

अक्का,

पाकीट उघडतानाच तुला भीती वाटेल, म्हणून पहिलं वाक्य हे लिहितो: अम्मा आहे. सगळं उरकल्यावर लिहिलेलं पत्र नव्हे हे.

अप्पांच्या वेळी तेरावं झाल्यावर तुला कळवलं. वसंतराव काकांनी तसं ठरवलं होतं. लग्न मोडून परदेशी गेलेल्या मुलीला आधी कळवून काय करायचं, असं ते म्हणाले, आणि मी सतरा वर्षांचा होतो, त्यांनी सांगितलं तसं लिहून टाकलं. तुझं उत्तर एका ओळीचं आलं, "मला विचारायचं तरी होतं." त्यानंतर दर जानेवारीला एक कार्ड, आणि त्यावर नुसती सही. माझी काही तक्रार नाही. या वेळी जे होईल ते त्या त्या दिवशी तुला कळवायचं, काकांना न विचारता, असं मी ठरवलं आहे.

अम्माचं हृदय मोठं झालं आहे. डॉक्टर कृष्णकांतांनी छातीचा फोटो खिडकीसमोर धरून मला दाखवला. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. गोळ्या चालू केल्या आहेत आणि मीठ पूर्ण बंद केलं आहे. बरी होईल का, असं मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "बरी होणार नाही. सांभाळलीत तर राहील. मीठ मात्र तिला विष समजा." त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत, त्यात माझं काही नाही.

अम्मा बिनमिठाचा ताकभात पुढे आला की ताटाकडे बघत बसते. काल म्हणाली, "भात कसाला वाढलास? कागद दे चावायला, तेवढाच."

माझं म्हणशील तर अकरावीत शाळा सुटली ती सुटलीच. गिंडीला पंपाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तयार माल मोजपट्टीने तपासायचं काम करतो. मराठी मात्र सोडली नाही. तू शिकवलेली आहे.

तुझी मिठाची काच सुखरूप आहे. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या हातावर ठेवून तू म्हणालीस, "मी परत येईपर्यंत सांभाळ. मद्रासच्या हवेत विरघळून जाईल, तांदळात ठेव." ती अजून त्याच ओव्हलटिनच्या डब्यात आहे. दर शुक्रवारी तांदूळ गच्चीवर उन्हात घालतो आणि निवले की काच परत त्यात पुरतो. आज शुक्रवार. मघाशी तिच्यातून वर्तमानपत्र वाचून पाहिलं, अक्षरं स्वच्छ दिसली.

तुझा,
नागोजी


२५ जून १९८९

अक्का,

तुझं पत्र आलं. पाकिटात माझंही पत्र होतं, लाल शाईने दुरुस्त केलेलं, लहानपणी करायचीस तसं. एकच चूक निघाली. मला इतका आनंद झाला की ते दुरुस्त पत्र मी आधी वाचलं आणि तुझं नंतर.

तुझं पत्र अम्माला दोनदा वाचून दाखवलं. जे तिला कळलं नाही ते मला जमेल तसं सांगितलं. तू लिहितेस की दुर्बीण उजेड पाहते आणि नेपच्यूनकडे निघालेल्या यानावरचं तुमचं यंत्र ऊब पाहतं. ग्रहाकडून येणारी ऊब ते फाकवून बघतं, आणि तिचा जो भाग मधूनच गायब असतो त्यावरून त्या हवेत कुठले वायू आहेत ते तुम्ही ओळखता. हे सांगताना मला तुझी काच बनवणं आठवलं. तू कॉलेजातून मिठाचा खडा आणायचीस आणि कापडावर स्पिरिट टाकून दिवसदिवस घासत बसायचीस, वायू भरायच्या नळीला झाकण हवं म्हणून. एकदा इस्त्री तापवून तू माझ्या गालासमोर आधी साधी काच धरलीस, मग ही. साध्या काचेतून ऊब आली नव्हती, हिच्यातून आली. मी अम्माला म्हटलं, अक्का अजून तेच करते आहे, फक्त इस्त्री लांब गेली आहे.

अम्मा हसली. थंडीने यंत्राचे आरसे जागचे हलतात म्हणून तुम्ही त्याला अधूनमधून शेक देता, हे ऐकून म्हणाली, "यंत्राला शेक, आणि मला आळणी कांजी." आणि नेपच्यूनला सूर्याकडून जेवढी ऊब मिळते तिच्या अडीचपट तो बाहेर टाकतो, हे मी वाचलं तेव्हा तिने कांजीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "इतक्या लांब, एकटा. कुणाला देतोय डा तो?"

याचं उत्तर तुला येत असलं तर लिही.

यान पंचवीस ऑगस्टला नेपच्यूनजवळून जाईल, ते थांबत नाही की वळून येत नाही, म्हणून त्याआधी तुला निघता येणार नाही, हे मी समजलो. एकोणतीसला सकाळी मीनंबाक्कमला उतरतेस हे भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवलं. अम्माने मला तिथे हळदीचं बोट लावायला लावलं.

घरातलं मीठ मी काढून टाकलं आहे, कारण अम्माच्या उशीखाली नार्तंगायच्या लिंबाची फोड सापडली, मिठात वाळवलेली. शेजारच्या कनका मामींनी दिली होती. त्यांना रागावलो तर त्या म्हणाल्या, "तोंडाला चव नाही म्हणून म्हातारी रडते रे, मी काय दगड आहे?" आता दोघांचाही स्वयंपाक आळणीच करतो. मी मीठ खाल्लेलं तिला दिसू नये.

तुझा,
नागोजी


१६ जुलै १९८९

अक्का,

दोन्ही बातम्या चांगल्या नाहीत.

अम्माची सूज गुडघ्यापर्यंत चढली. आता ती रात्रभर उशांना टेकून बसूनच असते. डॉक्टर कृष्णकांतांनी गोळी वाढवली आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "चोरून मीठ जातंय का?" मी शपथ घेतली. कनका मामींनाही त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी देवाची आण घेऊन सांगितलं की त्या फोडीनंतर काही दिलं नाही. डॉक्टरांनी खांदे उडवले. म्हणाले, मग हृदयच थकलं म्हणायचं.

दुसरी बातमी तुझ्या काचेची. तांदूळ दर शुक्रवारी वाळवूनही गोळा होऊन चिकटायला लागले आहेत. परवा काच काढली तर ती धुरकटली होती. वर्तमानपत्राचं शीर्षकसुद्धा वाचता येईना. एक कडही झिजल्यासारखी वाटते. इतकी वर्षं समुद्राच्या वाऱ्यात टिकली आणि तू यायच्या वेळी अशी झाली. डब्याचं झाकण ढिलं झालं असणार. मी झाकणाला मेणाची पट्टी लावली आहे आणि तांदूळ बदलायच्या विचारात होतो, पण ते तू घातलेले आहेत म्हणून बदलले नाहीत.

ती परत घासून स्वच्छ होते का? होत असेल तर कुठलं कापड आणि किती स्पिरिट ते कळव. तू येशील तेव्हा ती तुला नीट हातात द्यायची होती.

तुझा,
नागोजी


४ ऑगस्ट १९८९

अक्का,

कारखान्यात वीज नव्हती म्हणून आज दुपारीच घरी आलो. अम्मा भिंतीला टेकून जेवत होती. शेजारी ओव्हलटिनचा डबा उघडा, मेणाची पट्टी सोलून ठेवलेली. तुझी काच तिच्या बोटांत होती. ती ताकात बुडवायची, भातावरून एकदा फिरवायची आणि पदराला पुसून बाजूला ठेवायची. मग घास घ्यायची. मी दारात उभा राहिलेला तिला दिसलो, तरी तिने तो घास गिळला.

मी विचारलं, "अम्मा, काय करतेस?"

"जेवतेय."

"ती अक्काची काच आहे."

"ठाऊक आहे की. ती घासत बसायची तेव्हा तू शाळेत असायचास, मी समोर असायची. तळहाताची साल गेली होती पोरीच्या. मी रोज खोबरेल लावायची."

"डॉक्टरांनी मीठ बंद केलंय."

"पुडीतलं बंद केलंय," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. हसताना तिला दम लागला. मी पाठ चोळली. दम खाली बसल्यावर तिने काच माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं तू हिला तांदळात पुरून ठेवलीस, नागू. मला एकदाही हातात दिली नाहीस."

हे खरं आहे, अक्का. विरघळेल म्हणून दिली नाही. तिच्या हाताला घाम येतो.

किती दिवस चाललं होतं ते मी विचारलं नाही. सूज कुठून येत होती ते आता कळलं. मला राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. संध्याकाळी काच तांदळासकट डब्यात घालून डबा पिशवीत टाकला. उद्या तो गिंडीला नेऊन माझ्या कपाटात कुलपात ठेवीन. अम्मा पिशवीकडे बघत होती. मागितला नाही.

काच आता निम्मी राहिली आहे.

तुझा,
नागोजी


१३ ऑगस्ट १९८९

अक्का,

काल कारखान्यात तुझा फोन आला. दहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. लाइनवर खरखर होती आणि मालक समोर बसले होते, म्हणून काय काय बोललो ते इथे लिहून ठेवतो. माझ्याकडून काही चुकीचं सांगितलं गेलं असेल तर तुला कळावं.

तू विचारलंस, अम्मा कशी आहे. मी सांगितलं, डबा हलवल्यावर सूज थोडी उतरली, पण ती अशक्त झाली आहे, दोन घासांवर जेवत नाही. तू विचारलंस, डॉक्टर काय म्हणतात. मी सांगितलं, ते दिवस सांगत नाहीत.

मग तू म्हणालीस, "नागू, मी आत्ता निघू का?"

त्यावर मी लगेच बोललो नाही ते याच्यासाठी. आदल्याच दिवशी मी अम्माला म्हटलं होतं की अक्काला लवकर बोलावून घेऊ. तेव्हा ती उशीवरून उठून बसली. म्हणाली, "बोलावलंस तर बघ. त्या कामासाठी ती मला सोडून गेली. ते तरी तिला डोळे भरून बघू दे. अर्ध्यातून आणलीस तर मग ती गेली कसाला?" हे मी तुला फोनवर सांगितलं. तू रडत होतीस की खरखर होती, मला कळलं नाही.

त्यानंतरचं वाक्य माझं होतं. अम्माने सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तू काम संपवून ये. एकोणतीसपर्यंत मी तिला सांभाळतो."

तू म्हणालीस, "सांभाळशील?" मी म्हटलं, "हो."

घरी येऊन अम्माला सांगितलं. ती कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "मग लवकर केस धुवायला हवेत माझे. असे बघून घाबरेल ती."

तुझा,
नागोजी


२८ ऑगस्ट १९८९

अक्का,

हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या विमानतळावर तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगायला गेलो तर क्रम चुकेल.

अम्मा काल, रविवारी, दुपारी गेली.

या वेळी मी त्याच तासाला कळवायला गेलो. हायरोडवरच्या बूथवरून फोन लावला. तिकडे वाजत राहिला. बूथवाला म्हणाला, "कुणी नाही सार, ठेवा." तू तोपर्यंत विमानात बसली होतीस. तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर तारही केली, म्हणजे मागाहून कधी बघितलीस तर तारीख दिसेल.

परवा शनिवारी ती चांगली होती. कनका मामींनी तिचे केस धुऊन दिले होते. सकाळच्या पेपरात नेपच्यूनचा फोटो आला होता, मी तिच्यासमोर धरला. काळ्या शाईतच छापलेला, पण मी सांगितलं की खरा निळा आहे. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "झालं हेमाचं काम?"

"झालं."

"म्हणजे निघेल आता."

"आज निघेल. मंगळवारी सकाळी येते."

जेवायला ताकभात कालवून दिला. तिने एक घास घेतला आणि ताट मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आता दे की रे थोडं. तिच्या हातचं. एकदाच."

मी म्हटलं, "डबा गिंडीला आहे, अम्मा."

"आणून दे."

"अक्का मंगळवारी येते आहे. ती आली की तिच्या हातूनच घे. तोवर नको."

तिने हट्ट केला असता तर मी बहुधा गेलो असतो. तिने केला नाही. "बरं. तिलाच विचारीन," एवढंच म्हणाली आणि ताट खाली ठेवलं. शनिवारी ती त्यानंतर जेवली नाही. रविवारी सकाळपासून छातीत पाण्याचा आवाज येऊ लागला. डॉक्टर आले, सुई दिली, बसून राहिले. शेवटी तिने माझं मनगट धरलं होतं. बोलायला श्वास नव्हता.

डॉक्टरांना मी जाताना विचारलं, शनिवारी चिमूटभर दिलं असतं तर काही फरक पडला असता का. ते म्हणाले, "नाही." मी विचारायला नको होतं.

वसंतराव काका आले. मी त्यांना म्हटलं, बर्फ आणतो, एकोणतीसपर्यंत ठेवू, अक्का वाटेत आहे. त्यांना इतकं उलट मी कधी बोललो नव्हतो. ते म्हणाले, "दोन दिवस बर्फावर? तिने काय पाप केलं होतं रे?" इतर वडीलधाऱ्यांनीही मान डोलावली. संध्याकाळपर्यंतचाच वेळ मिळाला. अप्पांच्या वेळेसारखंच पुन्हा तुझ्या मागे सगळं होणार, हे मला दिसलं.

तेव्हा मी उठलो आणि बसने गिंडीला गेलो. आई बाहेर ठेवली आहे आणि पोरगा कारखान्यात चालला, असं लोक बोलले, ते मी ऐकलं. रविवार असल्याने फाटक बंद होतं. वॉचमनला सगळं सांगावं लागलं. त्याने किल्ली काढली. कपाट उघडून ओव्हलटिनचा डबा घेतला आणि परत आलो. काका दारात उभे होते.

उचलण्याआधी घरच्यांनी तोंडात तांदूळ घालायचे असतात. अप्पांना मी घातले होते, तुझे राहिले. ताटलीत नवे तांदूळ ठेवले होते. काकांनी घातले, कनका मामींनी घातले, मी माझे घातले. मग डबा उघडला. काकांनी विचारलं, "हे काय आता?" मी म्हटलं, "हे हेमावतीचे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बाजूला सरकले.

तू ते तांदूळ घातलेस तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तुझी काच त्यात दहा वर्षं होती, आणि जून-जुलैत ताकाने ओली होऊन त्यात परत जात होती. दाणे एकमेकांना चिकटले होते, ते मी बोटांनी सुटे केले.

घालायच्या आधी एक दाणा मी चाखून पाहिला, अक्का. खारट होता.

तुझा,
नागोजी